औषधी गांजा आणि दिव्यांचा हिशेब

गांजापासून औषध बनवण्याला परवानगी देणाऱ्या देशांची संख्या गेल्या दहा-पंधरा वर्षांत झपाट्याने वाढली. त्यासोबत एक नवा उद्योगही उभा राहिला. कॅनडा आणि अमेरिकेत मोठमोठ्या गोदामांमध्ये, एकही खिडकी नसलेल्या खोल्यांत, केवळ विजेच्या दिव्यांवर गांजाची शेती होते. या खोल्यांसाठी दिवे बनवणाऱ्या कंपन्यांचा बाजार मोठा आहे आणि त्यांचे दावेही मोठे आहेत. अमुक रंगाचा प्रकाश दिला की टीएचसी वाढते, तमुक वेळ अतिनील किरण सोडले की फुलातील राळ दाट होते, आमच्या दिव्याखाली वाढलेले रोप म्हणजे अधिक प्रभावी औषध, असा साधारण सूर असतो.

भारतातही औषधी गांजाच्या लागवडीची चर्चा आता सरकारी पातळीवर पोहोचली आहे. हिमाचल प्रदेश विधानसभेने सप्टेंबर २०२४ मध्ये औषधी, वैज्ञानिक आणि औद्योगिक वापरासाठी नियंत्रित लागवडीचा अहवाल स्वीकारला. जम्मूतील सीएसआयआरची भारतीय एकात्मिक औषध संस्था या वनस्पतीवर संशोधन करते आहे. उद्या परवाने निघू लागले, की परदेशी तंत्रज्ञान विकणारे दारात उभे राहणार हे उघड आहे. म्हणून दिव्यांविषयी विज्ञान नेमके काय सांगते, हे आताच पाहिले पाहिजे. थोडक्यात सांगायचे तर, दिव्यांनी पीक वाढते हे खरे. दिव्यांनी औषध 'जहाल' होते हा दावा मात्र फारसा टिकलेला नाही. आणि भरपूर ऊन असलेल्या देशाने बंद खोलीची नक्कल करणे म्हणजे घरात विहीर असताना टँकर मागवणे आहे.

रात्र मोजणारे रोप

गांजाच्या शेतीत प्रकाशाला दोन कामे असतात आणि ती वेगळी ओळखली नाहीत तर पुढचा सगळा हिशेब चुकतो. पहिले काम अन्नाचे. पान प्रकाश शोषते, प्रकाशसंश्लेषण करते, त्यातून रोप वाढते. दुसरे काम निरोपाचे. दिवस केवढा आणि रात्र केवढी, हे रोपाला प्रकाशातून कळते आणि त्यावरून ते कधी फुलायचे हे ठरवते.

हे दुसरे काम ओळखणाऱ्या सुरुवातीच्या संशोधकांमध्ये फ्रान्सचा ज्युलियन तुर्न्वा होता. पहिल्या महायुद्धाआधी त्याने हॉप आणि भांगेच्या रोपांवर प्रयोग केले. दिवस लहान असताना ही रोपे लवकर फुलतात, आणि त्यामागे लहान दिवसापेक्षा लांब रात्र हे कारण असावे, असे त्याच्या लक्षात आले. तुर्न्वा त्या युद्धात मारला गेला आणि त्याचे काम अर्धवट राहिले. १९२० मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातील गार्नर आणि अ‍ॅलर्ड यांनी तंबाखू आणि सोयाबीनवरील प्रयोगांतून हीच गोष्ट ठोसपणे मांडली. तिला दीप्तिकालिता म्हणतात. पुढे रोपात फायटोक्रोम नावाचे रंगद्रव्य सापडले. साधारण ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ७३० नॅनोमीटरचा गडद लाल प्रकाश या रंगद्रव्याचे रूप बदलतो. जणू रोपाचे घड्याळच. लांब रात्रीच्या मध्ये थोडा वेळ दिवा लावला तरी हे घड्याळ फसते आणि रोप फुलायचे थांबते.

महाराष्ट्रातील फुलशेतीला यात नवे काही नाही. शेवंतीही लांब रात्री फुलणारी वनस्पती आहे. पॉलिहाऊसमध्ये शेवंती लावणारे शेतकरी रात्री दिवे लावून फुलोरा मागे ढकलतात आणि बाजार पाहून फुले काढतात. ड्रॅगन फ्रूटचे उलटे आहे. त्याला मोठा दिवस हवा असतो. म्हणून हिवाळ्यात त्याच्या बागेत रात्री एलईडी दिव्यांच्या माळा पेटतात. या दिव्यांचा उपयोग रोपाला वेळ सांगण्यापुरता असतो. त्याचे पोट भरण्याचे काम सूर्यच करतो. त्यामुळे अगदी मंद प्रकाशही पुरतो आणि वीज कमी लागते.

बंद खोलीत मात्र दोन्ही कामे दिव्यांकडे येतात. वाढीच्या काळात दिवसाचे अठरा तास आणि फुलोऱ्याच्या काळात बारा तास, ही जगभर रूढ झालेली पद्धत. हा बाराचा आकडाही अनुभवातून आणि सवयीतून आलेला आहे. कॅनडातील गुएल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी दोन वाणांना बाराऐवजी तेरा तास प्रकाश देऊन पाहिला. दिवसभरात मिळालेला प्रकाश जेमतेम आठ टक्क्यांनी वाढला, पण फुलांचे उत्पादन एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत वाढले. टीएचसीचे प्रमाण घटले नाही. म्हणजे ज्या गोष्टीला वर्षानुवर्षे नियम मानले गेले, ती साधी चाचणी केल्यावर बदलली. या उद्योगात अशा न तपासलेल्या 'नियमां'ची संख्या बरीच आहे.

जास्त प्रकाश, जास्त पीक, पण औषध?

गुएल्फमधीलच आणखी एक प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रोपांना वेगवेगळ्या तीव्रतेचा प्रकाश दिला गेला. रोपांसाठी प्रकाश मोजताना दर सेकंदाला एका चौरस मीटरवर किती मायक्रोमोल प्रकाशकण पडतात, हे पाहतात. निरभ्र दुपारच्या उन्हात हा आकडा दोन हजारांच्या आसपास असतो. घरात दिवे लावून बसलेल्या माणसाला जो प्रकाश पुरेसा वाटतो, तो या मापाने दहासुद्धा भरत नाही. प्रयोगात १२० पासून १८०० पर्यंत प्रकाश दिला होता.

निष्कर्ष दोन होते. एक, प्रकाश वाढेल तसे वाळलेल्या फुलांचे वजन सरळ रेषेत वाढत गेले आणि १८०० पर्यंत ही वाढ थांबली नाही. दोन, फुलातील टीएचसी किंवा इतर कॅनाबिनॉइडच्या टक्केवारीवर प्रकाशाच्या तीव्रतेचा परिणाम दिसला नाही. सुगंधी तेलांपैकी काहींचे प्रमाण वाढले, इतकेच. प्रकाश वाढवून फुले जास्त मिळाली, मोठी आणि भरीव मिळाली. पण एक ग्रॅम फुलात जेवढे औषध मंद प्रकाशात होते, तेवढेच प्रखर प्रकाशातही होते.

याच प्रयोगातील आकडे जरा उलटे धरून पाहिले, तर आणखी एक गोष्ट दिसते. प्रकाश पंधरा पट वाढला तेव्हा पीक सुमारे साडेचार पट झाले. म्हणजे एका ग्रॅममागे खर्च होणारा प्रकाश तिपटीहून अधिक झाला. मंद प्रकाशातील फुले विरळ आणि हलक्या दर्जाची असतात, त्यामुळे अगदी कमी प्रकाशाचा सल्ला कोणी देणार नाही. जागेचे भाडे जास्त असेल आणि वीज स्वस्त असेल, तर व्यापाऱ्याला प्रखर दिवे परवडतातही. पण हे गणित व्यापाराचे आहे. रुग्णाला त्यातून अधिक चांगले औषध मिळते, असे म्हणायला आधार नाही.

रंग आणि अतिनील किरणांची गोष्ट

आता रंगांकडे वळू. जुन्या काळी या खोल्यांत सोडियम व्हेपरचे दिवे असत, रस्त्यावर असायचे तसे पिवळे. नंतर एलईडी आले आणि जांभळट प्रकाशाची फॅशन आली. पानातील हरितद्रव्य निळा आणि लाल प्रकाश अधिक शोषते, म्हणून तेवढेच दोन रंग द्यावेत असा त्यामागचा विचार होता. तो अर्धाच बरोबर होता. १९७२ मध्ये मॅक्री या शास्त्रज्ञाने अनेक पिकांच्या पानांवर मोजमाप करून दाखवले होते की ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातील जवळपास सगळाच प्रकाश प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडतो, हिरवासुद्धा. आज अनेक उत्पादक पुन्हा पांढऱ्या एलईडीकडे वळले आहेत.

रंगाचा गांजावर परिणाम होत नाही, असे मात्र नाही. निळा प्रकाश जास्त असला की रोप बुटके आणि आटोपशीर राहते. इटलीतील एका प्रयोगात सोडियम दिव्याखालील रोपे उंच वाढली आणि त्यांची फुले वजनाने जास्त भरली, तर काही एलईडींखाली टीएचसीची टक्केवारी जास्त आली. इस्राएलच्या व्होल्कानी संस्थेतील अभ्यासात एकाच रंगाच्या प्रकाशाला वेगवेगळ्या वाणांनी वेगवेगळा प्रतिसाद दिला. अमेरिकेतील यूटा राज्य विद्यापीठाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निळ्या प्रकाशाचा वाटा चार टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर नेला, तेव्हा पीक सुमारे बारा टक्क्यांनी घटले आणि टीएचसी किंवा सीबीडीच्या प्रमाणात फरक पडला नाही. या संशोधकांचा शेरा लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्यांच्या मते प्रकाशाचा रंग कोणता, यापेक्षा दिवा किती कार्यक्षम आणि किती किमतीचा, हे अधिक महत्त्वाचे.

अतिनील किरणांची गोष्ट तर विज्ञानातील अर्धसत्य किती काळ टिकते याचा नमुना आहे. १९८७ मध्ये अमेरिकेतील मेरिलँड विद्यापीठात झालेल्या अभ्यासात अतिनील-बी किरण दिल्यावर गांजाच्या एका वाणातील टीएचसी अडीच टक्क्यांवरून साधारण सव्वातीन टक्क्यांपर्यंत वाढले. राळ हे रोपाने उन्हापासून स्वतःच्या बचावासाठी लावलेले मलम आहे, अशी कल्पना त्यातून रूढ झाली. ती मनाला पटणारी होती. डोंगरावरचा गांजा जास्त जहाल का, याचेही उत्तर तिच्यातून मिळाल्यासारखे वाटले. पुढची तीन दशके अतिनील दिवे याच एका अभ्यासाच्या हवाल्याने विकले गेले.

पण १९८७ चे ते वाण आजच्या तुलनेत अगदीच सौम्य होते. आजच्या औषधी वाणांत टीएचसी वीस टक्क्यांच्या घरात असते. निवड आणि संकरातून ते आधीच कमाल मर्यादेजवळ पोहोचलेले आहे. गुएल्फच्या संशोधकांनी २०२१ आणि २०२२ मध्ये आधुनिक वाणांवर अतिनील किरणांचे प्रयोग केले. टीएचसी वाढले नाही. अतिनील-बीच्या प्रयोगात तर किरणांची मात्रा वाढली तशी पाने आक्रसली आणि रोपांना इजा झाली. शिवाय हे किरण खोलीत काम करणाऱ्या मजुरांच्या डोळ्यांना आणि त्वचेला अपायकारक असतात, ही गोष्ट जाहिरातीत कधी ठळक अक्षरांत छापलेली नसते.

फुलात किती टीएचसी आणि किती सीबीडी असणार, हे मुख्यतः वाण ठरवते. दिवा त्या मर्यादेत थोडे इकडे-तिकडे करतो. आंब्याच्या कलमाला कितीही खत-पाणी घातले तरी पायरीचा हापूस होत नाही, तसेच हे.

रुग्णाला काय हवे?

या सगळ्या चर्चेत 'जास्त जहाल म्हणजे जास्त चांगले' हे गृहीतक चोरपावलांनी शिरलेले असते. नशेच्या बाजारात ते चालते. औषधाच्या बाबतीत ते धोकादायक आहे. डॉक्टरला आणि रुग्णाला हवा असतो तो सारखेपणा. आजच्या डब्यातील औषध गेल्या महिन्याच्या डब्यासारखेच असले पाहिजे. जर्मनीच्या औषधकोशात गांजाच्या फुलांसाठी लेबलवरील प्रमाण आणि प्रत्यक्ष प्रमाण यांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त तफावत चालत नाही, ते यासाठीच.

आणि इथे दिव्यांचे काम खरोखर आहे. एकाच रोपाच्या शेंड्याला भरपूर प्रकाश मिळतो आणि खालच्या फांद्या सावलीत राहतात. वरच्या आणि खालच्या फुलांचे रासायनिक घटक त्यामुळे जुळत नाहीत. गुएल्फमध्ये २०१८ मध्ये पानांच्या छत्रीखाली जास्तीचे दिवे लावून पाहिले, तेव्हा ही तफावत कमी व्हायला मदत झाली. खोलीच्या मध्यभागी प्रखर आणि कडेला मंद प्रकाश, हा दोषही नीट मांडणीने दूर करता येतो. पण कमाल टीएचसीचे आश्वासन जितके विकले जाते, तितका हा मुद्दा विकला जात नाही. 'एकसारखे औषध' ही काही खपणारी घोषणा नव्हे.

शिवाय ज्या गांजाजन्य औषधांना आतापर्यंत कडक चाचण्यांनंतर मान्यता मिळाली, ती फुलाच्या टक्केवारीवर अवलंबून नाहीत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जून २०१८ मध्ये ड्रावे आणि लेनॉक्स-गॅस्टॉट या बालपणातील दुर्धर अपस्मारांसाठी 'एपिडिओलेक्स'ला मान्यता दिली. त्यात रोपातून काढून शुद्ध केलेले सीबीडी असते. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये स्नायू आखडतात त्यासाठी दिला जाणारा 'सॅटिव्हेक्स' हा प्रमाणित अर्कांचा फवारा आहे. दोन्हींत अर्क काढल्यावर मात्रा ठरवली जाते. फुलात अठरा टक्के होते की वीस, हे रुग्णापर्यंत पोहोचतच नाही. त्याच्यापर्यंत पोहोचते ती किंमत. आणि त्या किमतीत विजेचे बिल असते.

बिल किती?

एक साधा हिशेब मांडता येतो. फुलोऱ्याच्या काळात एका चौरस मीटरवर १००० मायक्रोमोल प्रकाश बारा तास द्यायचा आहे. चांगला एलईडी दिवा एका ज्यूल विजेतून सुमारे अडीच मायक्रोमोल प्रकाश देतो. म्हणजे चौरस मीटरला ४०० वॅट लागले. दिवसाला ४.८ युनिट. आठ आठवड्यांचा फुलोरा धरला, तर सुमारे २७० युनिट. महिन्याला शंभर युनिट वापरणाऱ्या कुटुंबाला पावणेतीन महिने पुरेल इतकी वीज एका छोट्या टेबलाएवढ्या जागेत, एका पिकाला, नुसत्या फुलोऱ्यात खर्च झाली. जुन्या सोडियम दिव्यांना याच्या जवळपास दीडपट वीज लागते.

आणि गोष्ट इथे संपत नाही. दिव्यांची जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच राहते. रोपे पानांतून पाणी सोडतात, त्याने दमटपणा वाढतो आणि बुरशी येते. म्हणून वातानुकूलन हवे, हवा कोरडी करणारी यंत्रे हवीत, पंखे हवेत. कोलोरॅडो राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये अमेरिकेतील बंद खोल्यांतील गांजाचा हिशेब मांडला. एक किलो वाळलेल्या फुलामागे ठिकाणानुसार २,२८३ ते ५,१८४ किलो कार्बन डायऑक्साइडइतके हरितगृह वायू हवेत जातात, असे त्यांना आढळले. त्यात दिव्यांइतकाच किंवा त्याहून मोठा वाटा हवा थंड-गरम आणि कोरडी करण्याचा होता. त्याआधी २०१२ मध्ये इव्हान मिल्स यांनी अंदाज केला होता की अमेरिकेच्या एकूण विजेपैकी एक टक्का वीज या शेतीत जाते.

तिथल्या सरकारांना हे उशिरा कळले. मॅसॅच्युसेट्स राज्याने मोठ्या उत्पादकांसाठी चौरस फुटाला ३६ वॅटची मर्यादा घातली. कॅलिफोर्नियाने २०२३ पासून मोठ्या बंद शेतीतील दिव्यांना एका ज्यूलमागे किमान १.९ मायक्रोमोल प्रकाशाची अट घातली. पण तोपर्यंत गोदामे बांधून झाली होती. कर्जे काढून झाली होती.

लपण्याची सवय

मुळात उन्हात सहज येणारे, रानात माजणारे हे रोप खोलीत शिरले कसे? त्याचे उत्तर वनस्पतिशास्त्रात नाही. ते पोलिसांच्या इतिहासात आहे. १९७० आणि ८० च्या दशकांत अमेरिकेत बेकायदा शेतीवर कारवाया वाढल्या. कॅलिफोर्नियात १९८३ पासून हेलिकॉप्टरने डोंगर धुंडाळून पीक उपटण्याची मोहीमच सुरू झाली. मग लागवड तळघरांत आणि पोटमाळ्यांवर गेली. रस्त्यावरचे दिवे छतावर टांगले गेले. पुढे कायदा बदलला, परवाने मिळाले, भांडवल आले. पण लपून शेती करताना लागलेली सवय तशीच राहिली. फक्त तळघराचे गोदाम झाले.

बंद खोलीची बाजू घेणाऱ्यांचे मुद्दे अगदीच पोकळ नाहीत. कर्करोगावर उपचार घेणाऱ्या, प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णाला बुरशीचे बीज असलेले फूल घातक ठरू शकते. बंद खोलीत हवा गाळता येते, कीटकनाशके टाळता येतात, चोरी रोखता येते. कॅनडात डिसेंबरात नऊ तासांचा दिवस आणि बाहेर बर्फ, तिथे हिवाळ्यात दुसरा मार्गही फारसा नाही. नेदरलँड्समध्ये २००३ पासून औषध दुकानांत मिळणारा गांजा दिव्यांखालीच वाढतो आणि त्याचा सारखेपणा नावाजला गेला आहे. मात्र तो गांजासुद्धा दुकानात जाण्याआधी गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. खोली बंद ठेवली म्हणून पुढची खबरदारी टळत नाही.

मधला मार्गही आहे. इंग्लंडमध्ये नॉरफॉकमधील विसिंग्टन येथे ब्रिटिश शुगर कंपनीचा साखर कारखाना आहे. त्याच्या शेजारी सुमारे १८ हेक्टरचे काचगृह आहे. कारखान्यातील वाया जाणारी उष्णता आणि कार्बन डायऑक्साइड त्या काचगृहात सोडतात. तिथे पूर्वी टोमॅटो पिकत. २०१७ पासून तिथे सीबीडी जास्त असलेला, नशा न आणणारा गांजा पिकू लागला आणि तो अपस्माराच्या औषधासाठी गेला. ऊन मुख्य, दिवे पूरक, उष्णता कारखान्याची. साखर कारखान्यांच्या महाराष्ट्राला हे उदाहरण कळायला वेळ लागू नये.

भारताने काय करावे?

भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजाची विनापरवाना लागवड हा गुन्हा आहे आणि त्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरीची शिक्षा होऊ शकते. घरात दिवे लावून 'औषधी' रोप वाढवण्याची कल्पना कोणी विकत असेल, तर तो थेट तुरुंगाची वाट दाखवतो आहे. मात्र याच कायद्यात राज्य सरकारांना नियंत्रित लागवडीला परवानगी देण्याची तरतूद आहे. उत्तराखंडने २०१८ मध्ये कमी टीएचसीच्या औद्योगिक भांगेला परवाना दिला. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगात गांजाला सर्वांत घातक पदार्थांच्या यादीतून काढण्यावर मतदान झाले, तेव्हा भारताने बाजूने मत दिले. दार किलकिले झाले आहे.

ते आणखी उघडताना भूगोल ध्यानात ठेवला पाहिजे. पुण्यात वर्षातील सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो आणि सर्वांत लहान अकरा तासांचा. इथे अन्नासाठी दिवे लावायची गरज नाही. रोपाला वाढीच्या अवस्थेत ठेवायचे तर शेवंतीप्रमाणे रात्री काही मंद दिवे आणि फुलोरा हवा तेव्हा काळा पडदा, एवढ्यावर काम भागू शकते. विषुववृत्ताजवळच्या कोलंबियातील उत्पादक उन्हाला दिव्यांची जोड अशीच देतात. पावसाळ्यातील दमटपणा आणि बुरशी हे आपल्यापुढचे खरे प्रश्न असतील. त्यांवर उपाय शोधायला पॉलिहाऊसची रचना, वायुवीजन आणि योग्य वाण यांवर संशोधन लागेल. परदेशी दिव्यांच्या आयातीने ते सुटणार नाहीत.

परवाने देताना सरकारने तीन अटी घालायला हरकत नाही. एक, बंद खोलीतील प्रकल्पाने किलोमागे किती वीज लागते हे दरवर्षी जाहीर करावे. दोन, कोणत्याही दिव्याने औषधी घटक वाढतो असा दावा करायचा असेल, तर त्याच वाणाची तुलनात्मक चाचणी एखाद्या कृषी विद्यापीठात किंवा सरकारी प्रयोगशाळेत करून दाखवावी. तीन, दिव्यांवरचा पैसा वाचवून तो तपासणीच्या प्रयोगशाळांवर लावावा. आज आयुर्वेदात 'विजया' नावाने गांजाच्या पानांपासून बनवलेली औषधे चिठ्ठीवर मिळतात. ती घेणाऱ्या रुग्णाला त्यातील टीएचसी-सीबीडीचे नेमके प्रमाण आणि शिसे, बुरशी, कीटकनाशके यांचा अहवाल मिळणे हे कुठल्याही नव्या दिव्यापेक्षा जास्त मोलाचे आहे.

गांजाचे औषधी उपयोग मोजके आहेत. काही प्रकारचे अपस्मार, मल्टिपल स्क्लेरोसिसमधील आखडलेले स्नायू, केमोथेरपीनंतरची मळमळ, काही चिवट वेदना. सर्व रोगांवर एकच उपाय असा त्याचा डंका पिटणे जितके चूक, तितकेच या मोजक्या रुग्णांना वंचित ठेवणेही चूक. दिवसातून अनेकदा झटके येणाऱ्या मुलाच्या आईवडिलांना औषध कुठल्या रंगाच्या प्रकाशात वाढले याच्याशी देणेघेणे नसते. ते दर महिन्याला सारखे मिळते का आणि ते परवडते का, एवढेच ते विचारतात. धोरण ठरवणाऱ्यांनी दिवे विकणाऱ्यांचे ऐकण्याआधी या दोन प्रश्नांची उत्तरे तयार ठेवावीत.